बैठकीचं दुखणं

मुलुंड (पूर्व),
रविवार दुपार

ती. कुंदाताईस,

बाळचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द मी हल्ली विचार करून लिहितो. आठ अंगं कोणती ते मुद्दाम शोधलं. छाती, डोकं, डोळे, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे. माझं जे अंग सध्या कामातून गेलं आहे ते या आठांत येत नाही, तेव्हा नमस्कार पूर्ण धरावा.) तुझी तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र लावतेस, की ते अजून कपाटात निजलेलं आहे? नानांचा खोकला बडोद्याच्या हवेत कमी झाला असेल अशी आशा करतो. इकडे माधुरी आणि गंधाली मजेत आहेत. मीही बरा आहे, असं उभ्याने सांगू शकतो.

तुझ्या लवूचा फोन आला होता. तो म्हणाला, आई फार रागावली आहे. बाळने पोरीच्या लग्नाची बैठक परस्पर उरकली, सख्ख्या आत्याला आणि नानांना साधं कळवलंसुद्धा नाही, आता मी काही लग्नाला पाऊल टाकणार नाही, असं तू म्हणालीस म्हणे. ताई, मी बैठक केलेली नाही. मी फक्त बसलो. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो समजावून सांगण्यासाठी हे पत्र. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तुला ऐकू जाण्यासाठी मला ओरडावं लागतं, आणि जो शब्द या प्रकरणाच्या मुळाशी आहे तो आमच्या इमारतीत ओरडून सांगण्यासारखा नाही. खालच्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष राहतात.

तर दुखणं सुरू झालं ते निवृत्तीनंतर. बसलो की उजव्या बाजूला, मागे, खोल आत कोणीतरी स्क्रू पिळतंय असं वाटे. उभा राहिलो की बरं वाटे. ऑफिसात मी सगळी नोकरी बसून काढली तेव्हा काही झालं नाही, आणि आता कुठे आरामात बसायचे दिवस आले तर बसताच येईना, याला काय म्हणावं ते मला अजून समजलेलं नाही. आणि नेमके त्याच दिवसांत गंधालीने सांगितलं की तिला कृणालशी लग्न करायचं आहे. मुलगा तू फोटोत पाहिलास. तिच्याच ऑफिसात आहे, अंधेरीला. वडील चंदरराव खारदांड्याचे, त्यांची स्वतःची बोट आहे. आजी अंजनाबाई अजून बाजारात मासळी विकायला बसतात. आपल्या घरात मासे शिजत नाहीत आणि त्यांच्या घरात मासे शिजत नाहीत असा दिवस नसतो, एवढाच काय तो फरक. मी गंधालीला म्हणालो, मला काही अडचण नाही. (तुला कळवलं तेव्हा तू "हूं" म्हणाली होतीस. त्या "हूं"चा अर्थ मी आजवर विचारलेला नाही.)

पहिल्यांदा आम्ही तिघं खारदांड्याला गेलो तेव्हा दुखणं ऐन भरात होतं. त्यांनी नवी चादर घातलेल्या सोफ्यावर बसायला सांगितलं. मी म्हणालो, नको, उभाच बरा आहे. मग खुर्ची आणली. मी म्हणालो, नको नको, ठीक आहे. मग अंजनाबाईंनी स्वतः उठून आपली जागा दिली. मी तीही घेतली नाही. खास आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात पोहे केले होते, ते मी खिडकीशी उभ्याने खाल्ले आणि समुद्राकडे बघत फार छान आहेत असं म्हणालो. माधुरीने दोनदा डोळे वटारले. मला वाटलं, पोहे सांडतायत म्हणून. खरं कारण सांगून टाकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, पण होणाऱ्या व्याह्यांच्या घरी पहिल्याच भेटीत आपल्या त्या भागाची ओळख करून द्यायची कशी?

इथे मूळ प्रश्न येतो, तो शब्दाचा. तूच सांग, त्याला म्हणायचं काय? आपली आई "बूड टेक जरा" म्हणायची, पण बूड पातेल्याला असतं. नितंब म्हणावं तर ते देवळातल्या मूर्तींना शोभतात, निवृत्त हेडक्लार्कला नाही. पार्श्वभाग म्हटलं की पोलिसांच्या लाठीची बातमी वाचल्यासारखं वाटतं. उरलेला जो खरा शब्द, तो आपण लहानपणी उच्चारला तेव्हा काय झालं होतं ते तुला आठवत असेल. शेवटी मी धीर करून दवाखान्यात फोन लावला. फोनवरची मुलगी हिंदी बोलणारी. मी म्हणालो, मेरे कुल्ले में दर्द है. तिने शांतपणे सांगितलं की दातवाले डॉक्टर दूसरे माले पे बैठते हैं. (हिंदीत कुल्ला म्हणजे चूळ, हे मला त्या मुलीकडून कळलं. इतकी वर्षं मुंबईत काढून कळलं नव्हतं.) त्या दिवसापासून मी ठरवलं की आपण एकच सभ्य, सोज्वळ, सगळ्यांना समजणारा शब्द वापरायचा. बैठक. गाणाऱ्याची असते, घोडेस्वाराची असते, तशी माझी. मला बैठकीचा त्रास आहे, असं मी सगळ्यांना सांगू लागलो. ताई, वाट लागली ती इथे.

फिजिओथेरपीवाली मुलगी गार्गी म्हणून आहे, मराठीच आहे, पण तीसुद्धा आधी गोंधळली. तिला वाटलं मला मीटिंगा फार असतात. मग तिने मला पालथं झोपवून अंगठ्याने एक जागा दाबली आणि मी जो आवाज काढला त्यावरून तिला सगळं समजलं. आत कुठलासा स्नायू आहे, त्याचं नाव एखाद्या परदेशी फुलासारखं आहे, तो आवळून बसला आहे म्हणे. कारण काय, तर पाकीट. जन्मभर मी उजव्या मागच्या खिशात पाकीट ठेवून त्यावर बसलो. त्यात पैसे कधी जास्त नव्हते, पण जुने पास, बाबांचा फोटो, बंद पडलेल्या वाचनालयाचं कार्ड असं बरंच होतं, आणि मी त्या सगळ्यावर तिरका बसत आलो. गार्गी म्हणाली, काका, एका बाजूवर किती वर्षं जोर टाकलात. मी म्हणालो, कोणी सांगितलंच नाही.

व्यायाम असे. उताणं पडून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकायचा आणि मांडी छातीकडे ओढायची. मग पाठ टेकून कंबर वर उचलायची, त्याला ती पूल म्हणते. मग कुशीवर पडून, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा तेवढा उघडायचा आणि मिटायचा, त्याला शिंपली म्हणतात. (माझी शिंपली पहिले दोन आठवडे उघडलीच नाही. माधुरी म्हणाली, शिंपली उघडत नसेल तर कोळी लोक ती टाकून देतात.) आणि टेनिसच्या चेंडूवर ती जागा ठेवून हळूहळू घोळायचं. बैठका मात्र मारायच्या नाहीत, हे तिने बजावून सांगितलं. एवढ्यात बैठका नकोत, घाई केली तर कायमचं अडकून बसेल. हे वाक्य लक्षात ठेव, मी ते पुढे जसंच्या तसं वापरलं आहे.

शिवाय तिने व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली होती: "सकाळी उठल्यावर आवळा, थोडा वेळ धरा, मग सोडा. संध्याकाळी परत." माझा चष्मा माळ्यावर राहिला होता म्हणून माधुरीने वाचून दाखवलं आणि लगेच बाजारात जाऊन आवळे आणले. सकाळी एक आवळा, तो गालात थोडा वेळ धरायचा, मग वर सोडा. संध्याकाळी परत तेच. मी विचारलं, स्नायूचा आणि आवळ्याचा संबंध काय? ती म्हणाली, क जीवनसत्त्व. सोड्याचं काय? ती म्हणाली, डॉक्टरला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. बरेच दिवस हे चाललं. दुखणं होतं तिथेच होतं, आणि पोटात एक नवीन सुरू झालं. शेवटी गार्गीने विचारलं, काका, आवळताय ना रोज? तेव्हा प्रकाश पडला की तो आवळा फळ नव्हता, आज्ञा होती. माधुरी म्हणते, मराठी नीट लिहायला नको का पोरीने. मला विचारशील तर लिहिलं नीटच होतं, वाचणारा कोणत्या विचारात आहे यावर सगळं असतं. पण हे मी तिच्यासमोर बोललो नाही.

आता मुख्य मुद्दा. मी चेंडूवर पडलेलो असताना चंदररावांचा फोन आला. ते बंदरावर होते, मागे इंजिनाचा आणि माणसांचा कल्ला. त्यांनी प्रेमाने विचारलं, बैठकीचं काय म्हणताय? ताई, आता तूच न्याय कर. ज्या माणसाला दोन महिने जो तो याच गोष्टीची चौकशी करतो आहे, त्याला काय वाटेल? मला वाटलं, गंधालीने कृणालला सांगितलं असणार आणि त्याने वडिलांना. किती आपुलकीची माणसं, असं मनात आलं. मी म्हणालो, बैठकीचं काही खरं दिसत नाही हो. ते म्हणाले, का, काय झालं? मी म्हणालो, गार्गी म्हणते एवढ्यात बैठक नको, घाई केली तर कायमचं अडकून बसेल. (गार्गी कोण हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, आपल्याकडची कोणी मोठी बाई असेल. नंतर कळलं, त्यांना वाटलं होतं की गार्गी म्हणजे तू.) ते म्हणाले, अडचण कुणाच्या बाजूने आहे? मी म्हणालो, सगळी उजव्या बाजूने. ते फार सावकाश म्हणाले की आपल्यात आता डावं-उजवं कशाला. आणि मी, ताई, चेंडूवर पडल्या पडल्या, अगदी मनापासून त्यांना समजावलं की डावं-उजवं करावंच लागतं, दोन्ही बाजू सारख्या नाहीत, एक भारी पडते नि एक हलकी, आणि हे काही आजचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, रेंज गेली.

पुढचे काही दिवस घरात काय चाललं आहे ते मला समजेना. गंधाली जेवताना ताटाकडे बघे. कृणाल तिचा फोन घेईना. माधुरी मला विचारी, तुम्ही काही बोललात का, आणि मी सांगे, छे, उलट चंदररावांनी माझी किती चौकशी केली. एका संध्याकाळी मी हॉलमध्ये पूल करत असताना गंधाली आत आली आणि दारातच उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला ते लोक हलके वाटत होते, तर मला आधी सांगायचं होतंत. त्यांच्या घरी जाऊन बसला नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं." मी पुलावरून खाली आलो. मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी म्हणालो, अगं, मी फक्त माझ्या बैठकीबद्दल बोललो. ती म्हणाली, तेच ना. आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माधुरी स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, जमिनीवरच्या चेंडूकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून खालीच बसली. तिला समजलं. मला समजायला तिला सगळं दोनदा सांगावं लागलं. समजल्यावर मला काय झालं ते लिहीत नाही. पोरीचं लग्न माझ्या सभ्यपणापायी मोडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी रिक्षाने खारदांड्याला निघालो. एकटाच. मुलुंड ते खार मी डाव्या अंगावर कलून, वरची दांडी धरून गेलो. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं की हॉस्पिटलला नेऊ का. चंदरराव अंगणात जाळं शिवत बसले होते, अंजनाबाई बाजाराला निघायच्या तयारीत, कृणाल आत कुठेतरी. कोणी "या" म्हणालं नाही असं नाही, म्हणाले, पण ते घरी आलेल्या कोणालाही म्हणतात तसं. या वेळी बसा म्हणाले नाहीत. मी वाटेत मोठं भाषण तयार केलं होतं, त्यात गैरसमज, मराठी भाषेचं वैभव, एका शब्दाचे अनेक अर्थ असं बरंच होतं. ते सुरू केलं. बैठक हा शब्द, असं म्हणालो, आणि चंदररावांनी जाळ्यातली सुई खाली ठेवली. ते म्हणाले, "साहेब, शब्दांचं राहू द्या. माझ्या आईने आपली जागा दिली होती तुम्हाला. तुम्ही उभे राहिलात."

ताई, त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला एकदम पोह्यांचं ते वेगळं पातेलं दिसलं, आणि सोफ्यावरची नवी चादर, आणि खिडकीशी उभा असलेला मी. मला स्वतःची लाज वाटली. आणि मग जो शब्द मी दोन महिने बडोद्यापासून मुलुंडपर्यंत कोणाला सांगितला नाही, तो भर अंगणात, शेजारची चार माणसं बघत असताना, मोठ्याने बोललो. "चंदरराव, माझं ढुंगण दुखतंय हो. म्हणून बसलो नाही. दुसरं काही नाही."

अंजनाबाई मासळीची पाटी बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग तसा सांगाचा ना. दुकतंय त दुकतंय, त्यान लाजाचा काय?" आणि त्या हसायला लागल्या, तशी शेजारची माणसंही हसली. चंदरराव मात्र हसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. त्यांना विश्वास ठेवावा की नाही ते ठरत नसावं. मी आता काय करणार होतो? अंजनाबाईंनी जमिनीवर चटई टाकलेली होती, तिच्यावर, गार्गीने जे जे करू नका सांगितलं होतं ते सगळं करत, मी मांडी घालून बसलो.

बसलो तो बसलोच. तो परदेशी फुलासारखा स्नायू आत असा काही आवळला गेला की मला ना पाय सोडता येईना, ना हलता येईना. डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून चंदररावांचा विश्वास बसला आणि तेही माझ्यासमोर येऊन बसले. कृणाल बाहेर आला. शेजारचे आले. कोणी पाठीला उशी दिली. अंजनाबाई म्हणाल्या, आता बसलेच आहेत तर ठरवून टाका. चंदरराव म्हणाले, झालीच की मग बैठक. मी म्हणालो, अहो, ताई नाही, नाना नाहीत, माधुरीसुद्धा नाही. ते म्हणाले, उठून जाता का? ते मला शक्य नव्हतं. मग हळद खारदांड्याला, लग्न मुलुंडला, देणंघेणं काही नाही, मानपान नाही, असं एकेक ते विचारत गेले आणि मी हो म्हणत गेलो, कारण मला वाटे की पुढच्या "हो"ला मला उचलतील. अंजनाबाईंनी कुंकू आणलं, सुपारी फुटली. नंतर कृणाल आणि शेजारच्या दोघांनी काखेत हात घालून मला उभं केलं. घरी आलो तर गंधाली दारात होती. कृणालने आधीच फोन केला होता. तिने माझं पाकीट मागच्या खिशातून काढून वरच्या खिशात ठेवलं आणि ती आत गेली.

हे असं झालं. यात मी कुठे कोणाला डावललं ते तूच दाखव. लोभ होता तेवढा राहू दे, वाढला तर उत्तमच. नानांना नमस्कार, लवूला आशीर्वाद.

तुझा,
बहुतेक उभा असलेला,
बाळ

ता. क. खरं तर एक विनंती करायची होती, ती पत्रात कुठे घालावी ते सुचलं नाही. गुरुजींनी सांगितलं की कन्यादानाला पाटावर मांडी घालून बराच वेळ बसावं लागेल. गार्गी म्हणते, लग्नापर्यंत तरी जमिनीवर बसणं मनातही आणू नका. तेव्हा माझ्या आणि माधुरीच्या जागी तू आणि नानांनी पाटावर बसावं. नियमात बसतं, मी गुरुजींना विचारलं. हे लिहिताना मला फार जड जातंय, एवढंच.

ता. क. २. माधुरीने पत्र वाचलं. ती म्हणाली, एवढी पानं खरडण्यापेक्षा "चुकलो, ये" एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. तर ताई, चुकलो. ये.

ता. क. ३. आता गंधालीनेही वाचलं. (या घरात मी पत्राचं पाकीट बंद करेपर्यंत सगळे वाचून घेतात.) तिने वरची विनंती रद्द केली आहे. ती म्हणते, बाबांच्या जागी कोणी नको, बाबा खुर्चीवर बसतील, आणि गुरुजींना चालत नसेल तर आपण दुसरे गुरुजी बघू. तेव्हा बसण्याचा प्रश्न मिटला. पण तिचा हात कृणालच्या हातात दिल्यावर मला त्या खुर्चीवरून उठायचं आहे, आणि ते कसं, हे गार्गीच्या कुठल्याच व्यायामात नाही. त्या वेळी तू जवळ हवीस.